आबांची भिंत

आमच्याच माळावर पाय ठेवायला मला तिकीट काढावं लागलं. खिडकीतल्या मुलीने विचारलं, "मॅम, सीनियर सिटिझन आहे का कोणी?" मी आबांकडे बोट दाखवलं. आबा म्हणजे माझे वडील. वय चौऱ्याऐंशी, डोक्याला पांढरी टोपी, हातात काठी, अंगात इस्त्रीचा सदरा, कारण लेकीबरोबर बाहेर जायचं होतं. त्या मुलीने त्यांच्या मनगटाला कागदाची पिवळी पट्टी चिकटवली. ज्या माणसाने त्या माळावर चाळीसेक वर्षं जत्रेचा रंगमंच उभा केला, त्याला आत सोडायला पट्टी लागते. आणि मी ती मुकाट्याने चिकटवू दिली. त्या मुलीचा राग येऊन उपयोग नव्हता. ती पगारावर आहे, मीही तीस वर्षं पगारावरच होते.

मळवलीच्या हॉल्टवर उतरून आमच्या गावाकडे चालायला लागलं की बंगले मागे पडतात, मग भाताची खाचरं लागतात, आणि ती संपतात तिथे ही इमारत आहे. कुठल्याशा मोठ्या लोकांच्या संस्थेची. कलाकेंद्र म्हणतात. हलणारी इमारत म्हणून तिचं नाव झालं आहे. छप्पर सरकतं, भिंती रुळांवरून फिरतात, खुर्च्या जमिनीच्या पोटात जातात. सकाळी ते नाट्यगृह असतं, दुपारी चित्रांचं दालन, संध्याकाळी नुसतं अंगण. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या गाड्या लोणावळ्याला जाता-जाता इकडे वळतात. लोक माना वर करतात, फोटो काढतात आणि जातात. त्यांच्यावर माझा काही राग नाही. मान वर करण्यासारखं तिथे आहेच.

आमच्या गावात मात्र त्या इमारतीतली फक्त एक भिंत ओळखतात, गावाच्या बाजूची. तिला नाव पडलं आहे 'आबांची भिंत'. बाहेरच्याला वाटेल, काय मान आहे म्हाताऱ्याचा! तो मान नाही, टोमणा आहे. आबा पारावर जाऊन बसले की कोणी तरी विचारायचंच, "काय आबा, तुमची भिंत कवा उगडनार?" मग बाकीचे हसणार. तीन वर्षं हे चाललं आहे. आबा आता पारावर जात नाहीत.

हा टोमणा कुठून आला ते नीट सांगते.

तो माळ आमच्या भावकीचा. सातबाऱ्यावर अकरा नावं, पण पीक म्हणावं तर कुसळी गवत. वर्षातून एकदाच त्याला तोंड फुटायचं, चैत्रातल्या जत्रेला. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी गावचं नाटक. नट गावचेच, चुकणारेही गावचेच, आणि चूक झाली की टाळ्या जास्त. रंगमंच असायचा बैलगाड्यांचा. आठ गाड्या माळावर आणायच्या, बैल सोडायचे, चार-चारच्या दोन रांगा एकमेकींना भिडवायच्या, चाकांखाली दगड लावायचे आणि वर फळ्या टाकायच्या. ऐकायला सोपं वाटतं. पण आठ घरच्या आठ गाड्या, कुणाची उंच, कुणाची बसकी, कुणाचं चाक गेल्या पावसाळ्यात बदललेलं. त्या एका पातळीत आणायच्या म्हणजे डोळा लागतो. तो डोळा आबांचा. आबा आयुष्यभर गाडीवान, कामशेतच्या बाजारात भात आणि वीट वाहणारे. ते माळावर उकिडवे बसायचे, एक डोळा मिटायचे आणि म्हणायचे, "तिसरी दोन बोटं वर घ्या." लोक तिसरी गाडी दोन बोटं वर घ्यायचे. फळ्या पडल्या की त्यांच्यावर पाण्याने भरलेला तांब्या ठेवायचे. पाणी कडेला कललं नाही की नाटकाला परवानगी.

आबांना अक्षरओळख नाही. शाळेचं तोंड त्यांनी बघितलं नाही आणि पुढे सही शिकण्याचीही तसदी घेतली नाही. मी लहानपणी त्यांना पाटीवर त्यांचं नाव काढून दाखवायचे. ते म्हणायचे, "लय चांगलं दिसतंय," आणि पाटी मला परत द्यायचे. सगळ्या गावाला हे माहीत होतं आणि त्यात कोणाला काही कमीपणा वाटत नव्हता. ज्याचं काम त्याने करावं.

संस्थेची माणसं माळ बघायला आली तेव्हा गावातल्या गाड्या केव्हाच मोडीत निघाल्या होत्या. जत्रेचं नाटक ट्रकच्या हौद्यावर व्हायला लागलं होतं. त्या माणसांनी देवळात सभा घेतली आणि काचेच्या पेटीतून इमारतीचं छोटं मॉडेल आणलं. त्याला बटणं होती. एक दाबलं की छप्पर सरके, दुसरं दाबलं की भिंती फिरत. शेवटचं बटण गावाकडच्या भिंतीचं. ते दाबलं की ती आख्खी भिंत कडेला सरकून जाई आणि आतला रंगमंच उघडा पडे. बाहेर माळावर बोटाएवढी प्लॅस्टिकची माणसं मांडी घालून बसवली होती, त्यांना थेट समोर दिसे. साहेब म्हणाले, "ही तुमची भिंत. जत्रेच्या दिवशी ही उघडणार. नाटक तुमचं, स्टेज आमचं, प्रेक्षक माळावर." आबांनी ते बटण स्वतः दाबलं. एकदा नाही, तीनदा. भिंत तिन्ही वेळा सरकली.

भावकीत दोन मतं होती. माझा एक चुलतभाऊ म्हणत होता, माळ गेला की जत्रा गेली. त्याला आबांनी गप्प केलं. सगळ्यात वडील ते, शब्दाला वजन त्यांचं. "जत्रा जात न्हाई, जत्रेला घर मिळतंय," ते म्हणाले. माळाचे पैसे सगळ्यांनी घेतले, आम्हीही घेतले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे कोणी मला नाक वर करून शहाणपण शिकवायला नको. पण अकरा जणांनी अंगठे आणि सह्या दिल्या त्या पैशांसाठी कमी आणि त्या बटणासाठी जास्त, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. आणि सगळ्यात आधी अंगठा आबांचा.

अंगठा देण्याआधी आबा कागद घेऊन तळेगावला माझ्या घरी आले होते. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणला होता. त्यांना तो कागद गावात कोणाला वाचायला द्यायचा नव्हता, उगाच फाटे फुटले असते. मी तालुक्याच्या एका कचेरीत कारकून, निवृत्तीला दोन महिने राहिलेले. माझ्यापेक्षा कागद कोण चांगला वाचणार? मी त्यांना सातच्या सात पानं वाचून दाखवली. भिंतीचं कलम पाचव्या पानावर होतं. 'गावाकडील बाजूची भिंत आवश्यकतेनुसार खुली ठेवण्यात येईल.'

"आवश्यकतेनुसार म्हंजी?" आबांनी विचारलं.

"म्हणजे लागेल तेव्हा," मी म्हणाले.

"जत्रंला लागंल तवा उगडनार. बरोबर हाय." त्यांनी मान हलवली आणि चहा मागितला.

आता ऐका. तो शब्द मी तीस वर्षं लिहीत आले होते. 'आवश्यकतेनुसार कार्यवाही करण्यात येईल.' ज्याला नाही म्हणायचं असतं पण तोंडावर नाही म्हणायचं नसतं, त्याला आमच्या कचेरीत हे उत्तर जायचं. वराळ्याची एक बाई घरापुढच्या ओढ्यावर मोरी बांधून मागायला तीनदा आली होती. पावसाळ्यात तिची मुलगी शाळेत जाऊ शकत नव्हती. तिन्ही वेळा मी तिला हेच टाइप करून दिलं. तिसऱ्या वेळी तिने विचारलं, "बाई, ही आवश्यकता कुनाची? माजी का तुमची?" मी म्हणाले, साहेबांना विचारा. म्हणजे त्या शब्दाचा अर्थ मला कोणी शिकवायला नको होता. आबांना वाचून दाखवताना तो मला खटकला. खटकला होता, हे आज कबूल करते. पण आबा इतके खुशीत होते, तीनदा दाबलेल्या बटणाची गोष्ट दोनदा सांगून झाली होती. आणि दुसरं म्हणजे साहेबांच्या मसुद्यात शब्द बदलायची मला सवयच नव्हती. ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचं, अर्थाला हात लावायचा नाही. तीस वर्षांत हाडीमाशी खिळलं होतं ते.

इमारत उभी राहिली. उद्घाटनाला बाहेरच्या मांडवात गावातल्या पाच वडीलधाऱ्यांना पुढे बसवलं आणि शाल-नारळ दिला. कामावरून काढून टाकतात तेव्हाही नारळच देतात, हे तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही. पहिल्या जत्रेला निरोप आला, भिंतीची तांत्रिक चाचणी चालू आहे. नाटक शाळेच्या पटांगणात झालं. दुसऱ्या जत्रेला म्हणे सुरक्षेची तपासणी. नाटक रस्त्यावर ट्रकच्या हौद्यावर झालं, आणि मधेच एका बंगल्यावर जाणारी गाडी आडवी आली म्हणून अर्धा तास थांबलं. तिसऱ्या वर्षी तर निरोपही आला नाही. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, आणि तो वाढलेला आबांच्या हाताने. टोमणे पहिल्या जत्रेपासूनच सुरू झाले होते.

यंदा जत्रेला महिना राहिला तेव्हा आबांनी मला फोन करवला. "मला ती भिंत आतून बगायचीय," म्हणाले. "लोक इचारत्यात. त्यांना सांगायला काय तरी पायजे." तीन वर्षांत ते एकदाही आत गेले नव्हते. बोलावल्याशिवाय जायचं कसं, असं त्यांना वाटत होतं. मी म्हटलं, चला, तिकीट काढून जाऊ. आणि गेलो.

आत शिरल्या-शिरल्या दिवाणखान्यासारखी मोठी जागा आहे आणि तिथे मधोमध एक बैलगाडी ठेवली आहे. रंग देऊन चकचकीत केलेली, साट्यात, म्हणजे माल भरतात त्या जागेत, कुंड्या ठेवलेल्या. चाकं जमिनीला बोल्टने जखडलेली. शेजारी पाटी, 'कृपया स्पर्श करू नये'. आबांनी काठी बगलेत धरली आणि गाडीभोवती एक फेरी मारली. "जू उलटं लावलंय," एवढंच म्हणाले.

अकराची फेरी होती. वीसेक माणसं आणि माहिती सांगायला एक तरुण मुलगी, पुण्याकडची असावी. गोड बोलत होती, पाठ केलेलं बोलत होती. "आता आपण एक्सपिरियन्स करणार आहोत की बिल्डिंग कशी जिवंत होते." तिने खूण केली आणि डोक्यावरचं छप्पर मधोमध फाटलं. खोटं कशाला बोलू, मी श्वास रोखला. पोलादाचे सहा भले मोठे तुकडे एकमेकांच्या पोटात सरकत गेले आणि वर फाल्गुनातलं भगभगीत आभाळ आलं. मग खुर्च्या रांगेरांगेने मागे लवंडल्या आणि जमीन त्यांच्यावरून सरकली, जणू तिथे कधी खुर्च्या नव्हत्याच. एक लहान मुलगी किंचाळली. आबा हसले. कित्येक महिन्यांनी मी त्यांना हसताना बघत होते. मला वाटलं, आणलं ते बरं केलं.

यंत्रं चालवणारा एक गडी कोपऱ्यात उभा होता, कंबरेला रिमोट अडकवलेला. आबा फेरी सोडून त्याच्याकडे गेले. "कुटला रं तू?"

"कान्ह्याचा, आबा."

"वंगण काय घालता ह्याला?"

तो गडी एकदम खुलला. रोज शेकडो माणसं येतात, कोणी त्याला हे विचारत नसावं. "ग्रीस घालतो आबा, पंधरा दिसाला. हे बगा." त्याने भिंतीखालचा रूळ दाखवला. फरशी आरशासारखी स्वच्छ, पण रुळाच्या दोन्ही अंगांना बोटभर रुंदीचा काळा पट्टा. "रोज पुसतो, तरी डाग येतोयच. म्याडम वरडत्यात."

"यायचाच," आबा म्हणाले. "फिरतंय त्याला वंगण लागतंय, आन् वंगण लागलं की डाग पडतोय. डाग न्हाई पडला तर समजायचं, फिरत न्हाई."

दोघांचं असं जमलं की मी बाजूलाच झाले. त्याने आबांना उजवीकडची भिंत फिरवून दाखवली, डावीकडची फिरवून दाखवली. आबांनी त्याला चाकाचा आवाज ऐकून सांगितलं की डावीकडचं तिसरं चाक कोरडं पडलं आहे. त्याने खाली वाकून बघितलं तर खरंच पडलं होतं.

तोवर फेरी गावाकडच्या भिंतीपाशी आली होती. उंच, सागवानी फळ्यांची, मधे-मधे उभ्या खाचा. फार सुंदर होती. माहिती सांगणारी मुलगी म्हणाली, "आणि ही आपली कम्युनिटी वॉल. ही गावाच्या दिशेने ओपन होते. लोकल कम्युनिटीसोबत आमचं जे नातं आहे, त्याचं हे प्रतीक आहे." होते, म्हणाली. ओपन होते. लोकांनी फोटो काढले.

आबा पुढे झाले. "उगडा की."

"आजोबा, ही आपण आवश्यकतेनुसार ओपन करतो," ती म्हणाली. तिला पाठ करायला दिलेल्या कागदात तोच शब्द होता.

आबांनी काठी भिंतीला टेकवली आणि गुडघ्यावर हात ठेवत खाली बसले. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस त्या गुळगुळीत फरशीवर उकिडवा बसला आणि भिंतीच्या तळाशी बोट फिरवत गेला. या टोकापासून पार त्या टोकापर्यंत, बेडकासारखा सरकत. लोक बघायला लागले. एकाने मोबाइल काढला, तेव्हा मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने तो खिशात घातला. आबा परत आले आणि मला बोट दाखवलं. बोटावर नुसती पांढरी धूळ होती.

"ह्याला चाकच न्हाई," ते म्हणाले.

मुलीने पुढच्या दालनाकडे हात केला आणि फेरी तिकडे गेली. कान्ह्याचा गडी मागे राहिला. तो आबांकडे न बघता खालच्या आवाजात बोलला, "आबा, हिला बटनच न्हाई. मी आल्यापास्नं न्हाई. आत शिमिटाची भित हाय, वरनं फळ्या ठोकल्यात."

तळपायाची आग मस्तकाला जाणे हे मी हजार वेळा ऐकलं-लिहिलं असेन. ती खरंच तळपायातून निघते, हे त्या दिवशी कळलं. काचेच्या पेटीतल्या भिंतीला चाक होतं. वीतभर भिंतीला मोटर बसवायला त्यांच्याकडे बुद्धी होती, हौस होती. आमचे अंगठे घेऊन झाले आणि खऱ्या भिंतीचं चाक गेलं. बरं, साधी भिंत तरी बांधायची! तिच्यावर खाचा पाडल्या, सरकल्यासारखी दिसावी म्हणून. तोंडाला पानं पुसायची, तीसुद्धा सागवानी.

मी आबांना बाकावर बसवलं आणि ऑफिसात गेले. तिथला व्यवस्थापक सभ्य माणूस होता, उठून उभा राहिला, पाणी दिलं. मी भिंतीचं विचारलं. तो म्हणाला, ते सुरुवातीच्या डिझाइनमध्ये होतं, नंतर त्या बाजूचा भार झेपेना, म्हणून वगळलं. माझ्या आधीचं आहे मॅडम. मी म्हणाले, करारात आहे. त्याने करार काढला. पाचवं पान काढलं. शब्दावर बोट ठेवलं.

"आवश्यकतेनुसार," तो म्हणाला. "आजवर तशी आवश्यकता भासलेली नाही."

हा शब्द माझा होता. अक्षरन् अक्षर माझं. मी तो वराळ्याच्या बाईला टाइप करून दिला होता. मला ओरडायचं होतं आणि मी ओरडलेही. सगळं ऑफिस बघत होतं. फसवणूक म्हणाले, चोर म्हणाले, लाज वाटायला हवी म्हणाले. पण ओरडताना मला माझाच आवाज ऐकू येत होता, आणि जिच्यावर ओरडायला हवं होतं ती टेबलाच्या या बाजूला होती. व्यवस्थापकाने माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "वडिलांची आपण एक मुलाखत रेकॉर्ड करूया का? बैलगाड्यांच्या रंगमंचावर. आमच्या संग्रहासाठी फार मोलाची होईल." मी खुर्ची मागे ढकलली आणि बाहेर आले.

घरी चालत निघालो. खाचरं कोरडी पडली होती, भाताची धसकटं पायाला टोचत होती. आबा नेहमीसारखे पुढे चालत होते. अर्ध्या वाटेत ते थांबले. मला वाटलं दम लागला.

"त्या सबुदाचा अर्थ काय व्हता गं?" त्यांनी विचारलं.

मला कळलं कुठला. "त्याचा अर्थ 'नाही' असा होतो आबा."

"तुला तवा ठावं व्हतं?"

"होतं."

"मंग तवा का न्हाई बोललीस?"

मी काही तरी बोलायला तोंड उघडलं. तुम्ही खुशीत होता, असं म्हणणार होते, म्हणजे खापर पुन्हा त्यांच्याच डोक्यावर. ते वळले आणि चालायला लागले. घरी गेल्यावर त्यांनी मनगटावरची पिवळी पट्टी काढायचा प्रयत्न केला. ती निघेना, तेव्हा मी कात्रीने कापली. त्यांनी हात पुढे केला तेवढंच. मग जेवायला बसलो. मला त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मी त्या ताटासकट गिळल्या असत्या.

पुढच्या रविवारी चार वाजता देवळात जत्रेची बैठक होती. आबा म्हणाले, "तू पन ये." मी तळेगावहून गेले. सगळी रात्र मनात वाक्यं जुळवली होती. उभं राहायचं, सांगायचं की कागद मी वाचला, अर्थ मला माहीत होता, आबांना बोल लावू नका. कचेरीतली बाई आहे, चार माणसांत बोलायला मला काही भीती नव्हती. निदान बसमध्ये तरी नव्हती.

बैठक पालखीवरून, मंडपावरून, कुस्त्यांवरून फिरत-फिरत नाटकावर आली. माझा तोच चुलतभाऊ, ज्याला आबांनी गप्प केलं होतं, बसल्या जागेवरून बोलला, "आबा, यंदा तरी तुमची भिंत उगडनार का?" हशा झाला.

आबा काठीवर जोर देऊन उठले. "न्हाई उगडायची," ते म्हणाले. "यंदा न्हाई आन् कवाच न्हाई. म्या जाऊन बगून आलोय. तिला चाक न्हाई, आत शिमिट हाय. मी फसलो, आन् मी तुमाला फसवलं. माळ माज्या सबुदावर गेला."

हशा कुठल्या कुठे गेला. असं कोणी त्या देवळात उभं राहून बोललेलं मी तरी ऐकलं नव्हतं. चुलतभाऊ उठला. तोही आता हसत नव्हता, त्याचा चेहरा लाल झाला होता. तीन वर्षं टोमणे मारले खरे, पण भिंत उघडेल अशी आशा त्यालाही असणार. म्हणून तर तो दर वर्षी विचारत होता.

"पन कागदात काय लिवलं व्हतं?" तो ओरडला. "अंगठा द्यायच्या आदी कागद वाचला व्हता का न्हाई? कुनी वाचला व्हता?"

माझं वाक्य तयार होतं. मी उठायला हात जमिनीला टेकवला.

आबांनी माझ्या दिशेने बघितलंसुद्धा नाही. "म्या वाचला व्हता," ते म्हणाले.

देवळात साठ-सत्तर माणसं होती. आबांना अक्षर वाचता येत नाही हे त्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं. कोणी हसलं नाही, कोणी माझ्याकडे वळून बघितलं नाही. चुलतभाऊ खाली बसला. मी उठलेच नव्हते.